घंटा आपणच वाजवायची: सोलापुरात बसून ऑनलाइन शिकू पाहणाऱ्यांसाठी

"अक्का, मी नाव घातलं," असं सांगत शेजारच्या बोळातली पोरगी आली. कुठे, विचारलं तर तिने मोबाइलच पुढे केला. पंधरा दिवसांत अकरा कोर्सला नाव घातलं होतं. पायथन, टॅली, फॅशन डिझाइन, इंग्रजी बोलणं, शेअर बाजार आणि कुठूनसा एक मधमाश्या पाळायचा. महिन्याने विचारलं, तर एकाही कोर्सचा दुसरा आठवडा उघडलेला नव्हता. पोरगी आळशी म्हणावी तर तसंही नाही. आई विड्या वळते, ही शिलाईला बसते आणि वर बी.कॉम.चं दुसरं वर्ष करते.

असं तिचंच होतं असं नाही. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक वर्ग सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुला केला. जगभरातून सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव घातलं. शेवटापर्यंत पोचले वीस हजारांच्या आसपास. आणि हा आकडा चांगला म्हणायचा. नंतरच्या बहुतेक फुकट कोर्समध्ये शंभरातले दहा टिकले तरी पुष्कळ, असा अनुभव आहे.

मी एका चादर-टॉवेलच्या पेढीत हिशेब बघते. चाळिशी उलटल्यावर संगणकावरचा ताळेबंद शिकले तो मोबाइल आणि पेढीतला जुना संगणक यांवरच. त्याआधी तीन कोर्स अर्धवट टाकले होते. शाळेत बाई धडा शिकवतात, एवढं सगळ्यांना दिसतं. पण घंटा वाजते, बाक ठरलेला असतो, शेजारी कोणीतरी बसलेलं असतं आणि परीक्षा आली की पोटात गोळा येतो, या चार गोष्टींची किंमत कोणी धरत नाही. मोबाइलवर धडा येतो, पुष्कळदा आपल्या कॉलेजातल्यापेक्षा चांगला येतो. या चार गोष्टी मात्र येत नाहीत. त्या घरी कशा मांडायच्या, ते पुढे सांगते.

आधी दार ठरवा

ऑनलाइन शिकायचंय म्हणणाऱ्याला मी पहिलं विचारते, कशासाठी? शाळेतल्या पोराचा अभ्यास, कॉलेजचे गुण की हाताला काम? तिन्हींची दारं वेगळी आहेत आणि चुकीच्या दाराशी उभं राहण्यातच पुष्कळांचं वर्ष जातं.

शाळेच्या पोरांसाठी बाहेर फार शोधू नका. बालभारतीच्या पुस्तकातच क्यूआर कोड छापलेले असतात. दीक्षा हे २०१७ साली सुरू झालेलं सरकारी अॅप घ्यायचं, त्यातूनच कोड स्कॅन करायचा, की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. पुस्तक जुनं होऊन कोड पुसट झाला असेल तर त्याखाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो. तो अॅपमध्ये टाइप केला तरी चालतं. हे शंभरातल्या नव्वद पालकांना माहीत नसतं आणि ते "स्कॅन होत नाही" म्हणून सोडून देतात. पुस्तकच हरवलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवता येते. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत कन्नड-उर्दू असा प्रकार असतो. मराठीशिवाय उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांची पुस्तकंही तिथे असतात, म्हणजे आजीला नातवाचा धडा तिच्या भाषेत वाचता येतो.

आणि हे कोड प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, एवढं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली, एका बाजूला गोठा. मुलांच्या घरी कन्नड आणि पुस्तक वेगळ्या भाषेत. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडमागे कविता, गोष्टी, व्हिडिओ ठेवले. पुढे राज्याने आपल्या पुस्तकांतही कोड आणले. २०२० च्या डिसेंबरात त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. लोकांना तेवढं बक्षीस आठवतं. मला त्यातलं घ्यावंसं वाटतं ते असं, की गुरुजींनी पुस्तक काढून टाकून मोबाइल दिला नाही. पुस्तकालाच मोबाइल जोडला. मुलाच्या हाती नुसता मोबाइल देणाऱ्या आईबापांनी एवढं तरी बघावं.

दुसरं दार कॉलेजवाल्यांचं. त्याचं नाव स्वयम्, म्हणजे ऑनलाइन कोर्सचं सरकारी संकेतस्थळ. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारने ते सुरू केलं. त्यातलाच एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा उपक्रम तर २००३ पासूनचा. कोर्स फुकट, पैसे फक्त परीक्षेचे, एका विषयाला साधारण हजार रुपयांच्या घरात. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोन सत्रं असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, अशा कोर्समधून घेता येतात.

पण इथे थांबा. नियम "घेता येतात" म्हणतो. तुमचं कॉलेज कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी धरणार, ते वेगळं. नाव घालण्याआधी कॉलेजात स्वयम् बघणारे समन्वयक कोण आहेत ते शोधा, कोर्सचं नाव आणि आठवडे कागदावर लिहून न्या आणि होकार लेखी घ्या, निदान ईमेलवर तरी. तोंडी "हो हो, चालतंय" वर बारा आठवडे घालवलेले दोघेजण मला माहीत आहेत. होकार मिळाला की अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं बारा अंकी खातं काढून ठेवा. डिजिलॉकरमधून निघतं, दहा मिनिटांचं काम. श्रेयांक त्यातच जमा होतात.

तिसरं दार कामाचं. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल मी नेहमी पहिलं सांगते, कारण त्यात मराठीत बोलून शिकवतात आणि पद्धत एकदम सरळ आहे. पडद्याचे दोन भाग करायचे, एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला खरं सॉफ्टवेअर. तिकडे दाखवलं की थांबवायचं, इकडे तेच करायचं. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. लिबरऑफिस कॅल्क, म्हणजे हिशेबाचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर, मी असंच शिकले. मोबाइलवर मात्र हे जमत नाही, त्याला संगणकच लागतो. कॉलेजची लॅब, कामावरचा संगणक किंवा सायबर कॅफे, काहीतरी गाठावं लागतं.

ज्याने माऊस कधी धरलाच नाही त्याने ऑनलाइनच्या नादी लागूच नये, असं माझं मत आहे. जवळच्या केंद्रात जाऊन एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक कोर्स करावा. शेजारी बसून "असं नाही, असं" म्हणणारं कोणीतरी पहिले दोन महिने पाहिजे. आणि कित्येक सरकारी नोकऱ्यांना ते प्रमाणपत्र लागतंच.

कोडिंग शिकायचं म्हटलं की आमच्याकडे घरातून हमखास ऐकायला मिळतं, "मागावाल्याच्या पोराला ते कशाला?" त्या वडीलधाऱ्यांना जॅकार्ड दाखवा. मागाच्या वर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि जिथे छिद्र तिथे धागा उचलला जातो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र बसवलं. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला आज्ञा द्यायला तीच छिद्रांच्या पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. चादरीवर फूल उमटवणं आणि संगणकाला आज्ञा देणं ही भावकीच आहे.

एकच कोर्स

एका वेळी एकच. दुसऱ्याला नाव घालावंसं वाटलं तर वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव लिहून ठेवा. हा कोर्स संपला की ते पान उघडायचं. त्या पोरीच्या मोबाइलमधले दहा कोर्स आम्ही दोघींनी बसून काढून टाकले. मधमाश्यांचा काढताना तिला वाईट वाटलं.

वेळ, जागा आणि नळाचं पाणी

"वेळ मिळेल तसं बघते" असं म्हणणाऱ्यांना वेळ मिळत नाही. आठवड्याचे ठरावीक दिवस आणि ठरावीक तास लागतात. आता सोलापुरात हा तास ठरवताना पहिलं काय बघायचं? नळाला पाणी कधी येतं ते. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं आणि आलं की सगळं घर बादल्या-पिंपांत अडकतं. पाण्याच्या दिवशी अभ्यास ठेवूच नका. त्या दिवशी बुडणार हे आधीच धरलं की मन खट्टू होत नाही.

उन्हाळ्यात दुपार विसरा. पारा ४४ च्या वर गेला की पत्र्याखालच्या खोलीत माणसाआधी मोबाइल मान टाकतो; तो तापतो, हळू चालतो आणि आपोआप बंद पडतो. पहाटे पाच ते सात हा सगळ्यात चांगला वेळ. हवा गार असते, गल्ली शांत असते आणि इंटरनेटही वेगात चालतं. घराला लागूनच माग असतील तर कानात घालायचे साधे तारवाले हेडफोन घ्या, शंभर-दीडशेत मिळतात. चार्जिंग संपायची भानगड नाही.

जागा म्हणजे टेबल-खुर्ची लागते असं नाही. पण एकच जागा ठरवा. आमच्या त्या पोरीने शिलाई मशीनचाच पाट धरला, कापड बाजूला सारून. मोबाइल हातात धरून, पडून बघायचा नाही. धान्याच्या डब्याला टेकवून उभा ठेवा, म्हणजे दोन्ही हात वहीला मोकळे. आणि त्या तासाला व्हॉट्सअॅपच्या सूचना बंद. घरातल्यांनाही सांगून ठेवा, "सहा ते सात मी शाळेत आहे." ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण आठवड्याभरात घरचे खरंच तसं म्हणायला लागतात.

डेटा पुरवून वापरा

व्हिडिओचा दर्जा ३६० पी वर ठेवा. तासाला साधारण ३०० एमबी जातात. ७२० पी वर तेच एक जीबीच्या घरात जातं आणि फळ्यावरची अक्षरं ३६० मध्येही दिसतात. रोजच्या कोट्यातला डेटा रात्री बाराला वाया जातो, तर झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीचे धडे उतरवून ठेवा. पहाटे रेंज गेली तरी अडत नाही.

डेटाच परवडत नसेल तर टीव्ही बघा. स्वयम् प्रभाच्या आणि पीएम ई-विद्येच्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात, महिन्याचं भाडं नाही. स्वयम् प्रभाची रचना अशी केलेली आहे, की रोज निदान चार तासांचा नवा कार्यक्रम आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा. यंत्रमागावर दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या घरात याचा किती उपयोग होतो, ते पाळी करणाऱ्यालाच कळेल. मोबाइलच्या कौतुकात आपण हा डबा विसरलो.

बघणं म्हणजे शिकणं नव्हे

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे पहिले तीन कोर्स इथेच बुडाले.

व्हिडिओ बघताना सगळं समजतं. शिक्षक चांगला असला की मान डोलते, "हां, बरोबर" म्हणत आपण तास पुरा करतो आणि छान वाटतं. दोन दिवसांनी कोणी विचारलं तर तोंडातून शब्द निघत नाही. दुसऱ्याला पोहताना बघून पोहता येत नाही, हे सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर बसणाऱ्यालाही माहीत असतं; मोबाइल हातात आला की आपण ते विसरतो.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर वारंवार वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली, तर आठवून लिहिणारे पुढे. आपली फसगत नेमकी इथे होते. त्या पाच मिनिटांच्या यशावर आपण खूश होतो आणि आठवडा कोणी बघत नाही.

म्हणून माझी पद्धत सांगते. सहा-सात मिनिटं व्हिडिओ बघायचा. एडएक्स या संस्थेच्या कोर्समधली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासून २०१४ साली असंच दिसलं होतं, की सहा मिनिटांपुढच्या व्हिडिओत लोकांचं लक्ष टिकत नाही. तर सहा मिनिटांनी थांबवायचं, मोबाइल पालथा घालायचा आणि आत्ता काय सांगितलं ते वहीत आपल्या शब्दांत लिहायचं. तीन ओळी पुरेत. आठवलं नाही तर जागा कोरी सोडा, मग व्हिडिओ मागे घेऊन बघा आणि त्या कोऱ्या जागेत वेगळ्या रंगाच्या पेनाने भरा. महिन्याने वही चाळली की रंगावरूनच कळतं, आपलं कुठं कच्चं आहे.

व्हिडिओ चालू असताना लिहायचं नाही. ते शुद्धलेखन होतं, त्यातून डोक्यात काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी नवा धडा उघडण्याआधी पाच मिनिटं कालचं आठवून बघायचं. चार दिवसांनी पुन्हा एकदा, मग पंधरा दिवसांनी. आजी पाढे असेच म्हणून घ्यायची, रोज संध्याकाळी दिव्यापाशी. तिला कुठल्या प्रयोगाची गरज पडली नाही.

व्हिडिओचा वेग वाढवायची सवय तरुण पोरांना असते. सव्वापट ठीक आहे, रटाळ बोलणारा असेल तर दीडपटही चालेल. दुप्पट वेगाने बघणारा फक्त "पाहिलं" अशी खूण मिळवायच्या मागे असतो.

इंग्रजी आडवं येतं तेव्हा

स्वयम् वरचे बरेच कोर्स इंग्रजीत आहेत आणि मराठी माध्यमातली पोरं पहिल्या दहा मिनिटांत हबकतात. भाषा येत नाही असं नसतं. उच्चार कानाला नवे असतात. खालची अक्षरं, म्हणजे कॅप्शन, सुरू करा. वहीच्या मागच्या बाजूने शब्दांची यादी करत जा. कुठल्याही विषयात तीस-चाळीस शब्दच सारखे फिरत असतात. डेबिट, क्रेडिट, लेजर, अॅसेट हे चार शब्द पक्के झाले की हिशेबाच्या पहिल्या आठवड्याचं निम्मं व्याख्यान कळायला लागतं. एनपीटीईएलच्या काही निवडक कोर्सची मराठी भाषांतरं लेखी मिळतात, ती आधी वाचून मग व्हिडिओ बघितला तर फार सोपं जातं.

जोडीदार

चाळीस जणांचा ग्रुप काढू नका. पहिल्या आठवड्यात अभ्यास चालतो, दुसऱ्यात सुप्रभात आणि तिसऱ्यात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे फोटो. एकच जोडीदार बघा, तोच कोर्स करणारा. आठवड्यातून दोनदा फोन. एकाने धडा सांगायचा, दुसऱ्याने अडवायचं. जोडीदार मिळालाच नाही तर घरातल्या कोणालाही समोर बसवा. त्या पोरीने आपल्या आईला घसारा समजावून सांगितला. आई म्हणाली, "म्हंजे मशीन जुनं झालं की त्याची किंमत उतरती, एवढंच नव्हं?" एवढंच होतं. पण ते तिला पहिल्यांदा नीट कळलं ते तेव्हा.

यंत्राला विचारताना

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आता तशी अनेक साधनं मोबाइलवर फुकट आहेत. मराठीत विचारलं तरी उत्तर देतात. रात्री अकराला शंका आली आणि विचारायला कोणी नाही, अशा वेळी याचा आधार मोठा आहे. आमच्या वेळी हे असतं तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

पण विचारायची रीत आहे. स्वाध्यायाचा प्रश्न जसाच्या तसा टाकून उत्तर उतरवून घेतलं, तर गुण मिळतील आणि डोकं रिकामं राहील. आधी आपलं उत्तर वहीत लिहा, मग ते टाकून विचारा, "यात माझं कुठं चुकलं? उत्तर सांगू नको, खूण दे." किंवा, "या धड्यावर मला पाच प्रश्न विचार, एकेक करून." तिथे ते यंत्र चांगल्या मास्तरासारखं वागतं.

आणि ते ठामपणे चुकतं, हे लक्षात ठेवा. मी एकदा अशाच एका साधनाला गड्ड्याच्या यात्रेबद्दल विचारलं. उत्तर मोठं ऐटदार आलं आणि त्यात संक्रांतीतली यात्रा थेट श्रावणात नेऊन ठेवलेली. सोलापूरचं म्हणून मला कळलं. करकायद्यातलं असतं तर मी खरं मानलं असतं. नव्याने वापरणाऱ्यांना म्हणून मी सांगते, पहिले चार प्रश्न आपल्याला उत्तर पक्कं माहीत असलेलेच विचारा. त्याचं पाणी कळतं. आकडे, तारखा आणि कायद्याचं कलम पुस्तकातून ताडून घ्या. आधार कार्ड किंवा गुणपत्रिकेचा फोटो त्यात टाकू नका.

पैसे भरण्याआधी

माझ्या भाच्याला एक फोन आला. बोलणारी मुलगी अगदी गोड. बारावीचे गुण, कॉलेजचं नाव, सगळं तिला ठाऊक. "डेटा सायन्स, सहा महिने, नोकरीची हमी, आजच भरलं तर निम्म्यात." त्याने मोबाइलवर तीन-चार ठिकाणी होकाराच्या खुणा केल्या. महिन्याने बँकेतून हप्ता कापला गेला तेव्हा घरात कळलं की भरलेली ती फी नव्हती, त्याच्या नावावर कर्ज उचललेलं होतं. कोर्स रद्द करतो म्हटलं तरी कर्ज उभंच. सोडवायला पाच महिने गेले आणि सगळे पैसे काही परत आले नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. "आजच भरा" म्हणणाऱ्याला आज भरायचं नाही. पडद्यावर हप्ता, कर्ज किंवा पॅन नंबर असं काही दिसलं की तिथेच थांबून घरात दाखवायचं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. आणि फसलोच, तर लाजत बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पदवीची जाहिरात दिसली तर आणखी एक पायरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यता असलेल्या विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी असते. विद्यापीठाचं नाव असून भागत नाही, तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी यादीत हवा. आता अशा प्रवेशाआधी डेब आयडी, म्हणजे या विभागाचा विद्यार्थी क्रमांकही काढावा लागतो. तो न मागता कोणी प्रवेश देत असेल तर तिथेच संशय घ्या. "घरबसल्या नर्सिंग", "ऑनलाइन बी.फार्म.", "दूरशिक्षणाने इंजिनिअरिंग" असं कोणी म्हटलं तर विचारसुद्धा करू नका, या पदव्या त्या मार्गाने देताच येत नाहीत. नोकरी सांभाळून साधी पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून तेच काम करतायत. जाहिरात कमी, म्हणून लक्षात येत नाहीत.

प्रमाणपत्रांतही फरक असतो. नुसते व्हिडिओ पाहिल्यावर निघणारा रंगीत कागद मुलाखतीत फारसा चालत नाही. केंद्रावर बसून, ओळखपत्र दाखवून दिलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र चालतं. आणि त्याहून जास्त चालतं ते केलेलं काम. आमच्या पेढीत मुलगी घेताना मालकांनी प्रमाणपत्र बघितलंच नाही, पन्नास बिलं पुढे ठेवली आणि म्हणाले, "याचं पत्रक करून दाखव."

परीक्षा

एनपीटीईएलच्या परीक्षेबाबत नवखे ठेचाळतात ती जागा ही: कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेचा अर्ज कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उघडतो, फी तेव्हा भरायची आणि मुदत गेली की गेली. अर्जाची शेवटची तारीख कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खुणांशेजारी, मोठ्या अक्षरात लिहा.

स्वाध्यायांचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. प्रमाणपत्राला स्वाध्यायांत निदान १० आणि परीक्षेत निदान ३० लागतात, दोन्हीकडे. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगले आठच स्वाध्याय धरतात, तेव्हा लग्नसराईत दोन आठवडे बुडाले म्हणून कोर्स सोडू नका. स्वाध्याय मुदतीच्या रात्री पाठवायचा नाही. त्या रात्री हमखास लाइट जाते.

अर्जात शहर निवडताना पर्याय नीट वाचा. केंद्र पुण्याचं आलं आणि पेपर सकाळी नऊच्या सत्रात असला, तर आदल्या दिवशीच निघावं लागेल. सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा एक्सप्रेस पुण्यात पोचते तेव्हा साडेदहा होत आलेले असतात. दुपारी दोनचं सत्र असेल तर हुतात्मा बरोबर जमते. हॉल तिकीट कागदावर छापून घ्या आणि ओळखपत्र अस्सल घ्या, मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत.

त्या पोरीला दुपारचं सत्र मिळालं. तिने डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली, पिशवीत दोन रंगांची वही टाकली आणि स्टेशनवर मला विचारलं, "अक्का, शेवटचं पान आत्ता उघडू का परत आल्यावर?" परत आल्यावर, म्हटलं. कुर्डुवाडी यायच्या आत तिचा मेसेज आला. मधमाश्यांचं नाव पहिलं लिहिलेलं होतं.